त्रेचाळीस राजीनामे आणि वर्षभराची नोटीस

ऑगस्ट २०२३ या एका महिन्यात अकासा एअरची सुमारे ६०० उड्डाणं रद्द झाली. इंजिनात बिघाड नव्हता, इंधनाची उधारी थकलेली नव्हती, विमानांचाही तुटवडा नव्हता. उलट त्याच महिन्याच्या सुरुवातीला कंपनीचं विसावं विमान आलं होतं आणि परदेशी उड्डाणांसाठी लागणारी अट पूर्ण झाली होती. कमी पडली ती कॉकपिटमधली माणसं. कंपनीने कोर्टात जे सांगितलं त्यानुसार तिचे ४३ वैमानिक नोटीस पिरियड पूर्ण न करता सोडून गेले होते.

नोकरी सोडताना आधी सांगावं की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा शिष्टाचाराच्या खात्यात टाकला जातो. सांगून जावं, संबंध बिघडवू नयेत, जग लहान असतं, कधी कोण कुठे भेटेल सांगता येत नाही. यातलं काहीच खोटं नाही, पण त्यावरून कुणी निर्णय घेत नाही. ज्याच्या हातात दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर आहे आणि ‘पंधरा दिवसांत जॉइन होता का?’ असा फोन ज्याला येऊन गेला आहे, त्याला उपदेश नको असतो, हिशोब हवा असतो. अकासाच्या प्रकरणात तो मांडता येतो, कारण नियम, आकडे आणि कोर्टातले युक्तिवाद सगळं जाहीर आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: वैमानिक चुकले, पण त्यांनी चुकावं अशी सोय नियमानेच करून ठेवली होती. पाळता येणार नाही इतकी लांब नोटीस ठेवली, की माणसं ती कमी करून मागायला जात नाहीत, सरळ मोडतात.

कंपनी आणि त्या वर्षीचा बाजार

अकासाचं पहिलं विमान ७ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबईहून अहमदाबादला गेलं. राकेश झुनझुनवाला यांचा पैसा आणि विनय दुबे यांचं नेतृत्व, अशी ही जोडी होती. पहिल्या उड्डाणानंतर आठवड्याभरातच झुनझुनवाला गेले. ताफा एकाच जातीचा: बोइंग ७३७ मॅक्स, आणि अशा ७२ विमानांची मागणी २०२१ मध्येच नोंदवलेली. एकाच प्रकारची विमानं ठेवली की सुटे भाग, तंत्रज्ञ, प्रशिक्षण सगळं स्वस्त पडतं. कमी भाड्याच्या विमानकंपन्यांचा हा जुना आणि शहाणा मार्ग आहे.

त्याची दुसरी बाजू त्या उन्हाळ्यात दिसली. वैमानिकाला नुसतं लायसन्स पुरत नाही, त्या विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग लागतं. ७३७ चा वैमानिक उद्या उठून एअरबसच्या कॉकपिटमध्ये बसू शकत नाही. मे २०२३ च्या सुरुवातीला गो फर्स्ट बंद पडली आणि तिचे शेकडो वैमानिक रिकामे झाले, तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असेल की आता बाजारात वैमानिकच वैमानिक. पण गो फर्स्ट एअरबस ए-३२० उडवत होती. ते वैमानिक अकासाच्या तातडीच्या कामाचे नव्हते.

७३७ उडवणाऱ्या कंपन्या देशात मोजक्याच: अकासा, स्पाइसजेट आणि टाटांच्या ताब्यात गेलेली एअर इंडिया एक्स्प्रेस. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी जाहीर केली, त्यात ७३७ मॅक्सही होती. जूनमध्ये इंडिगोने ५०० एअरबसची मागणी नोंदवली. एवढी विमानं येणार म्हटल्यावर त्यात बसवायला माणसं आत्तापासून गोळा करणं आलंच. एअर इंडिया एक्स्प्रेसला ७३७ चे तयार वैमानिक हवे होते, आणि अकासाकडून गेलेल्यांपैकी बरेच तिकडेच गेल्याच्या बातम्या त्या वेळी येत होत्या.

४३ माणसांनी ६०० उड्डाणं कशी थांबतात?

वीस विमानांच्या कंपनीत ४३ वैमानिक म्हणजे फार मोठा आकडा वाटत नाही. मलाही पहिल्यांदा बातमी वाचताना वाटलं होतं की कंपनी जरा वाढवून सांगते आहे. पण गणित करून पाहण्यासारखं आहे.

डीजीसीए म्हणजे देशातल्या नागरी विमान वाहतुकीचा नियामक. त्याच्या नियमानुसार एका वैमानिकाला वर्षात १००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. कमी भाड्याच्या कंपनीचं विमान दिवसाला बारा तास हवेत राहिलं तर वर्षाचे ४३८० तास होतात. म्हणजे नुसत्या कागदावर एका विमानाला वैमानिकांच्या (कॅप्टन आणि सहवैमानिक) साडेचार जोड्या लागतात. त्यात रजा, आजारपण, सिम्युलेटरच्या तपासण्या, रात्रीच्या ड्युटीनंतरची सक्तीची विश्रांती धरली तर पाच-सहा जोड्या, म्हणजे दहा-बारा माणसं. याचा अर्थ ४३ वैमानिक जाणं म्हणजे जवळपास चार विमानांची माणसं जाणं. एक विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या करतं. चार विमानं बसली की रोज वीसेक उड्डाणं गेली, महिन्याला ६००. हिशोब ढोबळ आहे, पण कंपनीचा आकडा त्याच्याशी जुळतो.

शिवाय माणसं सम प्रमाणात जात नाहीत. मंगळवारी राजीनामा ई-मेलने आला आणि बुधवारपासून माणूस रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकावर नाही, तर त्याच्या जागी स्टँडबायवरचा वैमानिक बोलवावा लागतो. त्याने आज उड्डाण केलं की त्याची परवाची ड्युटी मोकळी होते, कारण त्याला विश्रांती द्यावीच लागते. असं एक भोक दुसऱ्या भोकाने बुजवत गेलं की आठवड्याच्या शेवटी रोस्टर लावणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. उड्डाणाच्या आदल्या रात्री रद्द झाल्याचा संदेश प्रवाशाला जातो तो असा.

ऑगस्टअखेर देशांतर्गत बाजारातला अकासाचा वाटा जुलैमधल्या ५.२ टक्क्यांवरून ४.२ टक्क्यांवर आला होता.

नियमाचं शब्दचित्र

भारतात बहुतेक नोकऱ्यांत नोटीस हा दोन पक्षांमधला करार असतो. नेमणूकपत्रात तीस दिवस लिहिलेले असतात, किंवा आयटीत हल्ली सर्रास असतात तसे नव्वद. वैमानिकांचं तसं नाही. त्यांच्या नोटिशीचा कालावधी नियामक ठरवतो. डीजीसीएच्या २००९ च्या नियमात तो सहा महिने होता. ऑगस्ट २०१७ मध्ये तो बदलला: फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिकाला सहा महिने, कॅप्टनला एक वर्ष. नियमाची भूमिका अशी की वैमानिक घडवायला आठ-नऊ महिने लागतात, आणि अचानक राजीनामे आले की उड्डाणं ऐन वेळी रद्द होऊन प्रवाशांचे हाल होतात, म्हणून हे वर्तन सार्वजनिक हिताच्या विरोधात आहे.

या नियमात वैमानिकाच्या बाजूचंही थोडं आहे, आणि ते वाचायला हवं. नोटिशीच्या काळात वैमानिकाने दिलेली उड्डाणं नाकारू नयेत, तसंच कंपनीनेही त्याचे हक्क आणि सवलती काढून घेऊ नयेत. त्या काळात पगार किंवा सेवाशर्ती त्याच्या तोट्याच्या दिशेने बदलल्या तर तो लवकर मोकळं करण्याची मागणी करू शकतो. आणि कंपनीला वाटलं तर ती ना हरकत देऊन नोटीस कमी करू शकते. म्हणजे वर्षभर थांबणं ही एकमेव वाट नव्हती. मध्ये एक दार होतं, फक्त त्याची किल्ली एकाच बाजूला होती.

गंमत अशी की विमान वाहतुकीत प्रवाशालाही नोटिशीचा हक्क आहे. उड्डाण रद्द होणार असेल तर कंपनीने दोन आठवडे आधी कळवून पर्यायी विमान किंवा परतावा द्यायचा. ऐन वेळी रद्द केलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर उड्डाणाच्या लांबीनुसार ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाई. आता या साखळीकडे पाहा. वैमानिकाने कंपनीला एक वर्ष आधी सांगायचं, कंपनीने प्रवाशाला दोन आठवडे आधी. वैमानिकाने शून्य दिवस दिले, तर कंपनीही प्रवाशाला शून्यच देऊ शकते. पण सगळ्यात मोठी मुदत साखळीतल्या सगळ्यात लहान माणसावर का, याचं उत्तर प्रशिक्षणाच्या आठ-नऊ महिन्यांनी अर्धंच मिळतं.

उजव्या सीटवरून

कॉकपिटमध्ये डावीकडे कॅप्टन बसतो, उजवीकडे फर्स्ट ऑफिसर. त्या उजव्या सीटवरच्या तिशीच्या आतल्या माणसाच्या नजरेने हेच पाहू. कमर्शियल लायसन्स आणि त्यावर टाइप रेटिंग, यासाठी घरच्यांनी काढलेलं लाखांतलं कर्ज. अकासासारख्या नव्या कंपनीत येऊन वर्ष झालेलं. समोरून दुसऱ्या, मोठ्या समूहाचा प्रस्ताव येतो: थोडा जास्त पगार, मोठा ताफा, पुढे मोठ्या विमानांवर जाण्याची शक्यता.

बाहेरच्यांना वाटतं की तो पगाराकडे बघत असेल. खरं म्हणजे तो तारखेकडे बघत असतो. विमानकंपन्यांत ज्येष्ठता रुजू होण्याच्या तारखेवर ठरते, आणि कॅप्टन कधी होणार, कुठला बेस (मुक्कामाचं शहर) मिळणार, सुट्या कुणाला आधी मिळणार हे सगळं त्या यादीतल्या क्रमांकावर चालतं. एखादी कंपनी घाऊक भरती करत असताना सहा महिने उशिरा पोचणं म्हणजे यादीत शंभर-दोनशे लोकांच्या मागे लागणं. कदाचित डावी सीट वर्ष-दोन वर्षं लांबणीवर. सहा महिन्यांच्या नोटिशीचा तोटा त्याच्यासाठी सहा महिन्यांच्या पगारफरकापुरता नसतो, पुढच्या अख्ख्या कारकिर्दीत तो हप्त्याहप्त्याने वसूल होत राहतो. आणि भरती करणारी कंपनी वाट बघत नाही. ऑक्टोबरचा बॅच म्हणजे ऑक्टोबरचा.

त्यात आणखी एक गोष्ट असते, स्मरणशक्ती. भारतीय विमान व्यवसायातल्या माणसाने मालकाची नोटीस कशी असते ते अनेकदा पाहिलं आहे. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, पगार थकलेले. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला उतरलं आणि हजारो लोक घरी बसले, त्यांचेही पगार थकलेले. गो फर्स्टने २ मे २०२३ रोजी जाहीर केलं आणि ३ मेपासून विमानं थांबली. यातल्या कुणी कर्मचाऱ्यांना वर्षभर आधी सांगितलं नव्हतं. दिवाळखोरी आणि राजीनामा या वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य, पण कॅन्टीनमध्ये बसून नोकरी बदलायचा विचार करणारा माणूस एवढा भेद करत बसत नाही.

जाता जाता सांगायची गोष्ट: अकासाचे प्रमुख विनय दुबे हे जेटचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. जेट थांबल्यानंतर महिन्याभराने, मे २०१९ मध्ये, त्यांनी वैयक्तिक कारणास्तव तत्काळ प्रभावाने राजीनामा दिल्याचं कंपनीने शेअर बाजाराला कळवलं होतं. तेव्हा उडायला विमानंच नव्हती, त्यामुळे त्या राजीनाम्याने कुणी प्रवासी अडकला नाही. दोन प्रसंगांची तुलना करणं अन्यायाचं होईल. तरीही ‘तत्काळ प्रभावाने’ हे शब्द वरच्या खुर्चीसाठी किती सहज वापरले जातात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०२३ मध्ये त्याच दुबे यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात, वैमानिकांचं असं निघून जाणं बेकायदा तर आहेच, शिवाय अनैतिक आणि स्वार्थी आहे, अशा अर्थाची भूमिका घेतली.

कोर्टात काय मागितलं, काय मिळालं

अकासा दोन ठिकाणी गेली. मुंबई उच्च न्यायालयात काही वैमानिकांवर दावे, आणि दिल्ली उच्च न्यायालयात डीजीसीएने कारवाई करावी म्हणून याचिका.

मुंबईतल्या दाव्यांचे बातम्यांत आलेले आकडे बोलके आहेत. करारभंगापोटी सुमारे १८ लाख, आणि उड्डाणं रद्द होऊन कंपनीची पत गेली त्यापोटी सुमारे २१ कोटी. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजेच हे सगळं प्रकरण. कागदावर नोटिशीची जी किंमत असते ती सहसा काही महिन्यांच्या पगाराएवढी असते, आणि ती परवडणारी असते, बऱ्याचदा नवी कंपनीच भरते. प्रत्यक्षात ऐन वेळी रिकाम्या झालेल्या खुर्चीमुळे होणारं नुकसान त्याच्या शंभरपटीने असू शकतं.

पण ते २१ कोटी एका वैमानिकाकडून वसूल करणं सोपं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ नुसार करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेलं नुकसान मागता येतं, दूरचं आणि अप्रत्यक्ष नुकसान नाही. ४३ जण गेले. १२ ऑगस्टचं समजा पुणे–दिल्ली विमान रद्द झालं, ते नेमकं कुणाच्या राजीनाम्यामुळे? आणि करारात रक्कम आधीच लिहिलेली असेल तर कलम ७४ येतं: कोर्ट वाजवी भरपाई देईल, पण लिहिलेल्या रकमेच्या वर जाणार नाही. डीजीसीएनेही दिल्लीत म्हटलं होतं की रद्द उड्डाणं आणि राजीनामे यांचा थेट संबंध दाखवणारी कागदपत्रं कंपनीने दिलेली नाहीत.

आधी वाद झाला तो हे दावे मुंबईत चालतील का यावर. वैमानिकांचं म्हणणं होतं की मुंबईच्या कोर्टाला अधिकारक्षेत्रच नाही. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस न्यायालयाने अकासाच्या बाजूने कौल दिला. राजीनामा ई-मेलने पाठवला असला तरी तो मुंबईतल्या कार्यालयात पोचला, म्हणून दाव्याचं कारण काही अंशी मुंबईत घडलं. कुठूनही सेंड बटण दाबलं तरी राजीनामा जिथे पोचतो तिथे कोर्ट असतं, एवढं लॅपटॉपवरून राजीनामा पाठवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं.

कंपनीने त्यांना कामावर परत आणा, असं मागून उपयोग नव्हता. माणसाच्या वैयक्तिक कौशल्यावर अवलंबून असलेल्या कराराची सक्तीने अंमलबजावणी आपलं कोर्ट करत नाही. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ तसं सांगतो, आणि ज्याला उडवायचंच नाही त्याला दीडशे प्रवाशांसह कॉकपिटमध्ये बसवायची इच्छा कुणाला असेल? मात्र कोर्ट एक वेगळी गोष्ट करू शकतं, ती म्हणजे दुसरीकडे काम करण्यापासून रोखणं. याचं गाजलेलं उदाहरण आपल्या कल्याणचंच आहे. तिथल्या रेयॉन कारखान्यात टायर कॉर्डच्या विभागात परदेशी कंपन्यांकडून घेतलेलं तंत्रज्ञान होतं. एका शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार मध्येच सोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात नोकरी धरली. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये त्याला रोखणारा मनाई हुकूम कायम केला, कराराची उरलेली मुदत संपेपर्यंत. नोकरी चालू असतानाच्या काळातलं बंधन हे व्यवसाय स्वातंत्र्यावरचं अवाजवी बंधन ठरत नाही, असा त्याचा आशय.

वैमानिकाच्या बाबतीत मात्र हा उपाय अर्धवट लागू पडतो. नव्वद दिवसांत ठरावीक टेकऑफ-लँडिंग झाले नाहीत तर त्याला प्रवासी घेऊन उडता येत नाही, आधी पुन्हा सराव करावा लागतो. घरी बसवलेला वैमानिक ना जुन्या कंपनीच्या कामाचा, ना नव्या. शिक्षा होते, पण रोस्टरमधलं भोक तसंच राहतं.

दिल्लीत चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. २०१७ च्या नियमाला वैमानिकांच्या संघटनांनी तिथे आधीच आव्हान दिलं होतं आणि त्यात एक अंतरिम आदेश होता. डीजीसीएने त्याच्याकडे बोट दाखवलं: आम्हाला कारवाई करता येत नाही, आणि कंपनी व वैमानिक यांच्यातल्या नोकरीच्या करारात पडण्याचा आम्हाला अधिकारही नाही. वर कंपनीला सल्ला दिला की वैमानिक पुरेसे नसतील तर वेळापत्रक आखडतं घ्या. हे वाचून मी थक्क झालो. नोटीस किती असावी हे स्वतः ठरवणारा नियामक, ती मोडल्यावर म्हणतो की हा दोघांचा खासगी मामला. न्यायालयाने सप्टेंबरच्या अखेरीस स्पष्ट केलं की अंतरिम आदेशामुळे डीजीसीएचे हात पूर्ण बांधलेले नाहीत, कारवाई करायला आडकाठी नाही. तोवर विमानं रद्द होऊन गेली होती.

एकूण हिशोब काय, तर नियम कडक, अंमलबजावणी सैल, आणि भरपाई वर्षानुवर्षांच्या तारखांवर. सोडून जाणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा सोयीचं मिश्रण नाही. हे सगळं आधीच ओळखून ४३ जण गेले असं मी म्हणत नाही, पण व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘काही होत नाही रे’ हे वाक्य किती लवकर पसरतं ते नोकरी केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

मग त्या फर्स्ट ऑफिसरने काय करायला हवं होतं?

त्याच्यासमोर तीन वाटा होत्या. सहा महिने पूर्ण भरणं, म्हणजे ज्येष्ठतेची यादी हातची घालवणं. आज रात्री ई-मेल करून उद्या न येणं. आणि मधली: राजीनामा देऊन ना हरकतीसाठी वाटाघाट करणं, प्रसिद्ध झालेलं रोस्टर पुरं करणं, उरलेल्या मुदतीची रक्कम नव्या कंपनीने भरावी असं ठरवणं.

दुसरी वाट कशी चुकीची आहे हे सांगायला शिष्टाचार लागत नाही. आज-उद्याच्या रोस्टरवर नाव असताना न येणं हे कंपनीला कमी आणि बाजूच्या सहकाऱ्याला जास्त भोवतं, कारण त्याचीच सुटी रद्द होते. विमानतळावर अडकलेल्या माणसाचा तर या वादाशी काडीचा संबंध नसतो. रोस्टर भरून जाणं ही किमान मर्यादा आहे आणि ती ओलांडणाऱ्याची बाजू मला घेता येत नाही.

पण वर्षभर थांबा हे सांगणंही मला पटत नाही. आठ-नऊ महिने लागतात ते नवा माणूस मुळापासून घडवायला. प्रत्येक राजीनाम्याला मुळापासूनच माणूस घडवावा लागतो असं नाही, आणि ज्या कंपनीला वर्षाला आठ-दहा विमानं आणायची आहेत तिने काही टक्के माणसं जाणार हे गृहीत धरून जादा भरती करणं हा धंद्याचा खर्च आहे. प्रशिक्षणावर कंपनीने पैसे घातले असतील तर त्याचा बाँड वेगळा लिहावा, दर वर्षी कमी होत जाणारा. असा वाजवी बाँड कोर्टात टिकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरायचा बाँड वैध ठरवला. भरतीच्या खर्चाचा आणि पदाच्या स्वरूपाचा विचार करता ती रक्कम अवाजवी नाही, असं न्यायालयाला वाटलं. पैशाचा प्रश्न पैशाने सुटतो. त्यासाठी माणसाचं वर्ष गहाण ठेवायची गरज नाही.

तिसऱ्या बाजूबद्दल फार कमी बोललं गेलं, ती म्हणजे घेणारी कंपनी. नोटीस मोडणं एकट्याने होत नाही. ‘आधी येऊन जॉइन हो, कागद नंतर बघू’ असं म्हणणारा कुणीतरी समोर लागतो. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत रिलीव्हिंग लेटरशिवाय जॉइन करून घेत नाहीत. ती अट त्रासाची आहे आणि अनेकांची गोची करते, पण त्यामुळे तिथे नव्वद दिवसांची नोटीस बहुतेक वेळा पाळली तरी जाते, किंवा बायआउटने, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून मिटते. वैमानिकांच्या बाबतीत जुन्या कंपनीची ना हरकत नसताना नव्या कंपनीने उड्डाणाला बसवू नये, एवढं एक बंधन काटेकोरपणे पाळलं गेलं असतं तरी ऑगस्टमधली बरीच विमानं उडाली असती. सोबत नोटीस तीन महिन्यांवर आणली असती तर राजीनामे उघडपणे, तारखेसकट आले असते आणि रोस्टर लावणाऱ्याला तीन महिने आधी कळलं असतं की कुठे भोक पडणार आहे. पाळली जाणारी तीन महिन्यांची नोटीस मोडल्या जाणाऱ्या बारा महिन्यांपेक्षा कंपनीलाही फायद्याची.

पुढे काय झालं

कंपनी बंद पडली नाही. तिने वेळापत्रक आखडतं घेतलं, भरती वाढवली आणि प्रशिक्षणात असलेल्या वैमानिकांची रांग लांब केली.

मग उलटा प्रकार झाला. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्सच्या खिडकीजवळचा दाराचा भाग हवेत निखळला. त्यानंतर बोइंगच्या उत्पादनावर निर्बंध आले, त्याच वर्षी कामगारांचा संप झाला, आणि विमानं मिळायला उशीर होत गेला. २०२४-२५ मध्ये अकासाकडे वैमानिक होते, त्यांना उडवायला पुरेशी विमानं नव्हती. भरती झालेले अनेक जण उड्डाणाची वाट बघत घरी होते.

त्यांच्यावरची नोटीस मात्र तेवढीच होती, फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष. २०१७ च्या नियमामागचं सगळं तर्कशास्त्र वैमानिक कमी पडतील या भीतीवर उभं होतं. वैमानिक जास्त आणि विमानं कमी झाल्यावर काय करायचं, याचा विचार त्यात नाही.